दाराजवळची खुर्ची

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "बाई, बऱ्या आहात ना?" बरी आहे. पण मधल्या काळात बरी नव्हते, आणि आज तेच लिहायचं आहे. आधी नातेवाईक मंडळींची माफी मागते. पुण्याच्या लग्नाला मी गुडघ्याचं कारण सांगून आले नव्हते. वन्सं अजून थोड्या रागावल्या आहेत, ते मला कळतं. गुडघा चांगला होता हो! (म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी जेवढा चांगला असायचा तेवढा.) मला मंगल कार्यालयाची भीती वाटत होती.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीला मेनरोडवर गेले होते. गर्दीत एकदम छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. वाटलं, संपलं आता सगळं. रिक्षाने थेट दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल आला. पंधरा दिवसांनी बसमध्ये तेच झालं, पुन्हा ईसीजी. मग टूडी एको, थायरॉइड, रक्त, सगळं झालं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "आजी, हृदय उत्तम आहे. मन शांत ठेवा." आता मन शांत कसं ठेवायचं, हा धडा काही त्यांच्या पुस्तकात नव्हता.

मी बस सोडली, मग मंडई सोडली, देवळात आरतीच्या वेळी जाणं सोडलं. कुठे जावंच लागलं तर दाराजवळची खुर्ची धरून बसायची. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि 'हे' असतानाची, जिभेखाली ठेवायची गोळी. ती मला कुणी दिलेली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या लहानपणी कुणी जरा वेगळं वागलं की "याला ठाण्याला न्यायला हवं" असं म्हणून हसायचे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचं. मनाच्या दुखण्याचा आमचा नकाशा तेवढाच होता, एक तर घर नाहीतर ठाणं. मधे काही असतं, आठवड्यातून एकदा जाऊन तासभर बसून घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावता येतो, हे माझ्या पिढीतल्या कितीजणांना ठाऊक आहे? आणि गंमत बघा, त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही संस्था सुरू केली, जिथे लोक आपल्या पायाने जातात. पण ठाण्याचा विनोद आमच्या डोक्यातून गेला नाही तो नाहीच.

शेवटी लेकीच्या आग्रहाने मी एका समुपदेशकाकडे गेले. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. बोलायचे फार गोड. पहिल्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की येताना मी पेढे घेतले! दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच्या आयुष्यातल्या संकटांची गोष्ट सांगितली. तिसऱ्या वेळी सकारात्मक विचार. चौथ्या वेळी पुन्हा सकारात्मक विचार आणि रोज सकाळी आरशात बघून हसायचं. पाचव्या वेळी मी विचारलं, "अजून किती दिवस यावं लागेल?" तर म्हणाले, "ते तुमच्या श्रद्धेवर आहे." एकतीस वर्षं शिकवलं मी. अभ्यासक्रम नाही, घटकचाचणी नाही, आणि नापास झाली तर चूक विद्यार्थिनीची! अशा मास्तरांना आमच्या मुख्याध्यापिकेने एक सत्रही ठेवून घेतलं नसतं. मी मात्र भिडेपोटी पाच वेळा पैसे मोजून आले.

म्हणून माझं मत आता अगदी ठाम झालं आहे. मनाच्या उपचारासाठी 'चांगला माणूस' शोधू नका, पद्धत शोधा. चांगली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, शेजारच्या काकूसुद्धा छान ऐकून घेतात. उपचार करणाऱ्याला खुशाल विचारावं: तुमचं शिक्षण काय, माझ्या तक्रारीवर कोणती पद्धत वापरणार, ती अशाच तक्रारीच्या लोकांवर तपासून पाहिली आहे का, साधारण किती वेळा यावं लागेल, आणि फरक पडतोय हे आपल्या दोघांना कशावरून कळणार? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या माणसाला राग येत नाही. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी मात्र पुष्कळदा चार दिवसांच्या कोर्सवरही लागते.

दुसऱ्यांदा मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी हृदयाचे सगळे कागद नीट पाहिले, 'पॅनिक' असं नाव सांगितलं आणि म्हणाले, यावर गोळ्याही आहेत आणि सीबीटीही आहे, तुम्ही आधी सीबीटी करून पाहा, गरज वाटली तर गोळीचं बघू. (गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, भिशीतल्या मैत्रिणींनी नाही. मला दोन्हीकडून सल्ले आले होते.) त्यांनी ज्या मुलीकडे पाठवलं ती माझ्या नातीच्या वयाची. मी तिला वरचे सगळे प्रश्न तोंडी परीक्षेसारखे विचारले. तिने न चिडता उत्तरं दिली. बारा बैठका, दर आठवड्याला एक, पन्नास मिनिटं. दर वेळी आधी एक प्रश्नावली भरायची, तिचे गुण मांडायचे. गुण जितके कमी तितकं चांगलं, अशी गुणपत्रिका मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

तिने पहिल्या दिवशी फळ्यावर एक गोल काढला. धडधड, मग 'अ‍ॅटॅक आला' हा विचार, विचाराने भीती, भीतीने आणखी धडधड. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकची ही मांडणी केली. त्याच्या आधी १९६० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅरन बेक यांनी विचार तपासून पाहण्याची ही पद्धत रुजवली होती. पण मला पटलं ते तिने जिना चढायला लावला तेव्हा. दोन मजले चढून आल्यावर म्हणाली, "काकू, आता धडधडतंय ना? मग अ‍ॅटॅक आला का?" मी हसले. हृदय तेच, धडधड तीच, फक्त जिन्यात मी तिला नाव ठेवलं नव्हतं.

मग गृहपाठ! एक दोनशे पानी वही केली. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय. आणि एक शिडी. पहिली पायरी, सीबीएसच्या स्टॉपवर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग सिटीलिंकने एक स्टॉप. मग भाचीबरोबर निमाणीपर्यंत. मग एकटीने. मग संध्याकाळच्या गर्दीत. शेवटची पायरी सगळ्यात अवघड, पाण्याची बाटली आणि ती गोळी घरी ठेवून जायचं. ती गोळी बाहेर काढून ठेवताना मला रडू आलं, भीतीने नाही, ते तुम्ही समजून घ्याल. रविवार कारंज्यापाशी बस खोळंबली आणि धडधड सुरू झाली. उतरायचं नाही, असं ठरलं होतं. नाही उतरले. वर चढलेली भीती बसल्या जागी आपोआप खाली आली. पंधराएक मिनिटं लागली असतील. मला ती फार मोठी वाटली.

"आपल्याला माणसं आहेत, हे तिकडचं खूळ कशाला?" असं दीर म्हणाले होते. भावजी, हे तुमच्यासाठी. इथून पन्नासेक किलोमीटरवर आपल्या पेठ तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात एक्केचाळीस गावांत 'आत्मीयता' नावाचं काम झालं, पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या केंद्राने केलेलं. गावातल्याच लोकांना शिकवलं. त्यांनी खचलेल्या माणसाजवळ चार-सहा वेळा बसायचं, ऐकायचं, बंद पडलेली कामं हळूहळू सुरू करून द्यायची, दुखणं मोठं असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं. गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या जवळजवळ पाचशे रुग्णांवर अशीच पद्धत तपासली. डॉक्टर नसलेले, पण शिकून तयार झालेले लोक सहा ते आठ बैठका घेत. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारातले ३९ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. म्हणजे माणसंच लागतात, भावजी, पण शिकवलेली. आणि पेठच्या पाड्यावर जे पोचलं होतं त्याचा पत्ता कॉलेज रोडवर राहणाऱ्या बीए झालेल्या मला नव्हता!

पैशाचंही खरं आहे, खासगीत दर आठवड्याला फी देणं प्रत्येकाच्या पेन्शनीत बसत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि कुठे जावं तेच कळत नसेल तर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. पहिला फोन करायला तेवढं पुरतं.

सगळं संपलं असं नाही. लिफ्टमध्ये मी अजून जात नाही, ती पायरी या महिन्यात आहे. मधे एकदा, पावसाळ्यात, रात्री पुन्हा झालं होतं. वही काढली, लिहिलं, झोपले.

पुढच्या महिन्यात धाकट्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा आहे. मी येणार आहे, पुण्याला, बसने. वन्सं, मला दाराजवळची खुर्ची धरून ठेवू नका. मधल्या रांगेत, तुमच्या शेजारी बसेन.