ताऱ्यांचें दफ्तर

‘वर्ण’ या संस्कृत शब्दाचे अर्थ अनेक आहेत. त्यांपैकीं दोन आज आपल्या उपयोगाचे आहेत. वर्ण म्हणजे रंग, आणि वर्ण म्हणजे अक्षर. प्रकाश लोलकांतून गेला असतां तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा जो पट्टा उमटतो, त्यास मराठींत ‘वर्णपट’ म्हणतात. हें नांव ज्यानें योजिलें त्याच्या मनांत बहुधा रंगच असावेत. परंतु शब्द त्याच्या हेतूहून अधिक अर्थपूर्ण ठरला आहे. ताऱ्याचा वर्णपट हा नुसता रंगीत पट्टा नसून तें एक पत्र आहे, आणि त्यांतील बारीक काळ्या रेषा हीं त्या पत्राचीं अक्षरें आहेत.

हीं अक्षरें उमटतात कशीं तें थोडक्यांत सांगतों. प्रत्येक मूलद्रव्याचा वायु प्रकाशांतील कांहीं ठराविकच लहरी शोषून घेतो. सोडियमच्या दोन रेषा पिवळ्या भागांत पडतात, कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा जांभळ्या टोकाशीं पडतात, आणि लोखंडाच्या तर शेंकडों. ताऱ्याचा प्रकाश त्याच्याच बाहेरील वायूंतून निघतांना या रेषांचा ठसा घेऊन निघतो. त्या रेषांवरून द्रव्य ओळखतां येतें, त्यांच्या ठळकपणावरून उष्णमान ताडतां येतें, आणि त्या आपल्या जागेवरून सरकलेल्या दिसल्यास तारा जवळ येत आहे कीं दूर जात आहे, हेंहि कळतें. ता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदानें गुंटूर येथें सूर्याचा वर्णपट तपासला; त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लॉकियर यानें इंग्लंडांत ग्रहणावांचूनच तो तपासला. त्यांतील एका पिवळ्या रेषेची ओळख कोणासच पटेना. ती हेलियमची होती, आणि हेलियम पृथ्वीवर हातीं लागला तो १८९५ सालीं! लॉकियरनें १८६८ मध्यें ही रेषा विजयदुर्गावरून पाहिली, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. तो विजयदुर्गास आला खरा, परंतु १८९८ च्या ग्रहणास.

परंतु आजचा आमचा विषय हीं पत्रें वाचण्याचा नसून तीं जपून ठेवण्याचा आणि दुसऱ्यास वाचावयास देण्याचा आहे. पेशव्यांचें दफ्तर पुण्यांत किती वर्षें कुलुपांत होतें, आणि तें उघडल्यावर सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतर त्याचे पंचेचाळीस खंड निघाल्यावर मराठ्यांच्या इतिहासाचें रूप कसें बदललें, हें आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. आकाशाचेंहि असेंच एक दफ्तर आहे.

त्याचा पहिला मोठा संग्रह अमेरिकेंत हार्वर्ड वेधशाळेंत झाला. हेन्री ड्रेपर नांवाच्या वैद्यानें १८७२ सालीं अभिजित् ताऱ्याच्या वर्णपटाचें, रेषा स्पष्ट दिसतील असें, पहिलें छायाचित्र घेतलें. तो १८८२ सालीं वारला. त्याची विधवा पत्नी मेरी ॲना ड्रेपर हिनें हें काम बंद पडूं दिलें नाहीं. १८८६ पासून तिनें वेधशाळेस द्रव्य दिलें, आणि दुर्बिणीपुढें लोलक बसवून एकाच काचेवर अनेक ताऱ्यांचे वर्णपट टिपण्याचें काम तेथें सुरू झालें. त्या काचा तपासण्यासाठीं अल्प वेतनावर स्त्रिया नेमल्या होत्या. त्यांपैकीं ॲनी जंप कॅनन या बाईंना ऐकूं फार थोडें येत असे. त्यांनीं भिंगाखालीं एकेक रेषा पाहून २,२५,३०० ताऱ्यांचे वर्ग लाविले, आणि ती सूची १९१८ ते १९२४ या काळांत नऊ खंडांत प्रसिद्ध झाली. सूचीस नांव मात्र त्या दिवंगत वैद्याचें आहे.

कॅननबाईंनीं वर्ग लाविले. त्या वर्गांचा अर्थ लावण्याचें काम दुसऱ्या एका स्त्रीस करावयाचें होतें. इंग्लंडांतून आलेली सिसिलिया पेन ही तरुणी भांडारांतील त्याच काचा काढून बसली, आणि १९२५ सालच्या आपल्या प्रबंधांत तिनें असा निष्कर्ष काढला कीं, तारे मुख्यत्वें हायड्रोजन व हेलियम यांचे बनलेले आहेत. त्या वेळचे पंडित समजत कीं, सूर्य आणि पृथ्वी यांची घडण द्रव्यदृष्ट्या सारखीच. रसेल या नामांकित ज्योतिर्विदानें तिला हा निष्कर्ष मान्य होण्याजोगा नाहीं असें बजावलें, आणि तिनें आपल्याच प्रबंधांत तो बहुधा खरा नसावा असें लिहून टाकिलें. चार वर्षांनीं रसेल स्वतः निराळ्या वाटेनें त्याच निष्कर्षास पोहोंचला. या प्रसंगांत अधिकारी माणसाच्या शब्दापुढें तरुण माणसाचें खरें म्हणणें मागें सरलें. काचा मात्र कोणाच्याहि अधिकारास भ्याल्या नाहींत. त्या जागच्या जागीं होत्या, ज्यास पाहावयाचें त्यास पाहतां येत होत्या.

दुसरें उदाहरण तर याहून नवलाचें आहे. १९१७ सालीं व्हॅन मानेन यानें मीन राशींत एक मंद तारा शोधिला. त्याच सालीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन येथें वॉल्टर ॲडम्स यानें त्याचा वर्णपट काचेवर घेतला, काचेच्या कागदी पाकिटावर ‘हा आपल्या सूर्याहून किंचित् अधिक उष्ण दिसतो’ अशा अर्थाची टीप लिहिली, आणि काच कपाटांत ठेविली. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं जे फॅरिही या लंडन येथील संशोधकानें एका निबंधासाठीं ती काच संस्थेकडे मागितली. संस्थेनें ती शोधून काढिली, तों तींत कॅल्शियमच्या रेषा स्पष्ट! हा तारा म्हणजे श्वेत खुजा, अर्थात् विझत चाललेल्या सूर्याचा निखारा. असल्या ताऱ्यांत जड द्रव्यें त्याच्या वयाच्या मानानें फार लौकर तळाशीं बुडतात. तीं वर दिसतात याचा अर्थ बाहेरून कोणी तरी तीं टाकीत आहे. तें बाहेरचें म्हणजे त्याच्या भोंवतीं फिरणाऱ्या ग्रहमालेचे भग्नावशेष. परक्या सूर्याभोंवतीं ग्रह आहेत हें निश्चित झालें १९९० नंतरच्या दशकांत. त्याचा लेखी पुरावा मात्र १९१७ पासून एका पाकिटांत पडून होता, हें २०१६ सालीं जगास कळलें. ॲडम्सला तो वाचतां येणें शक्यच नव्हतें. त्यानें फक्त तारीख घातली, टीप लिहिली आणि काच फेंकून दिली नाहीं. तेवढें पुरलें.

काचेचा काळ आतां सरला. आकाशांत सोडिलेल्या दुर्बिणींचे वेध अंकांच्या रूपानेंच खालीं येतात. १९७८ च्या जानेवारींत सोडिलेली ‘आययूई’ ही अतिनील किरणांची वेधशाळा तीन वर्षें टिकावी अशी अपेक्षा होती. ती १९९६ पर्यंत चालली, आणि तिनें एक लाखाहून अधिक वर्णपट मागें ठेविले. तिच्या संग्रहानें खुलेपणाचा जो धडा घालून दिला तो पुढें हबल व वेब या दुर्बिणींनीं गिरविला. त्यांचें दफ्तर बाल्टिमोर शहरीं आहे. हबलच्या बाबतींत तर आतां नव्या वेधांवरून जितके निबंध लिहिले जातात, त्यांहून अधिक जुन्या संग्रहावरून लिहिले जातात! जमिनीवरील दुर्बिणींचा वेगहि तसाच. ॲरिझोनांतील किट पीक येथील ‘देसी’ या यंत्रानें २०२५ च्या मार्चांत जें पहिलें मोठें भांडार खुलें केलें, त्यांत सुमारें १ कोटि ८७ लक्ष तारे, दीर्घिका व क्वेसार यांचे वर्णपट आहेत. कॅननबाईंच्या सूचीच्या हें ऐंशीपट झालें.

आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटीं पुष्पिका असते: कोणी, कोठें, कोणत्या शकांत, कोणासाठीं लिहिली. वर्णपटाच्या प्रत्येक लेखासहि अशी पुष्पिका असते, ती आरंभीं लिहितात. कोणती दुर्बीण, कोणती रात्र, किती सेकंद प्रकाश घेतला, दुर्बिणीचें तोंड कोणत्या दिशेस होतें. १९८१ सालीं जाहीर झालेली ‘फिट्स’ ही लेखनपद्धति आज जगभर चालते. तिचा एक नियम वैयाकरणांसहि आवडेल: एकदां जो लेख या पद्धतींत शुद्ध ठरला, तो पुढील कोणत्याहि सुधारणेनें अशुद्ध ठरवावयाचा नाहीं.

आतां वादाचा मुद्दा. ज्यानें वेधाची योजना आंखिली त्यास तो वेध कांहीं काळ एकट्यास मिळावा, अशी रीत आहे. ही मुदत सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष असते. नंतर दार सर्वांस मोकळें. २०२२ सालीं वेब दुर्बिणीच्या संबंधांत असा प्रश्न निघाला कीं, ही मुदतहि कां असावी? लोकांच्या पैशानें घेतलेला वेध त्याच दिवशीं लोकांस कां मिळूं नये? वरवर पाहतां हें म्हणणें निरुत्तर करणारें आहे. परंतु विरोध केला तो मत्सरी धनिकांनीं नव्हे, तर लहान संस्थांतील अध्यापकांनीं, विद्यार्थ्यांनीं, आणि घरीं तान्हें मूल असलेल्या संशोधकांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, दार पहिल्याच क्षणीं उघडलें तर ज्यांच्या हाताखालीं दहा मदतनीस आहेत तेच आधीं आंत शिरतील, आणि ज्यानें कल्पना काढिली तो दारांतच उभा राहील. एकत्र कुटुंबांत ज्या सुनेनें स्वयंपाक केला तिच्या वाट्यास पानावर काय उरतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें म्हणणें समजावयास कठीण जाऊं नये. आमच्या मतें मुदत असावी, ती थोडी असावी, आणि ती संपल्यावर एक दिवसहि वाढूं नये. विद्याधन दिल्यानें वाढतें हें खरें. परंतु ज्यानें तें कष्टानें मिळविलें त्यास एक घांस आधीं घेऊं दिल्यानें तें घटत नाहीं.

या दफ्तरांत आपलाहि हात आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं ता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणांत जेऊर येथें सूर्याचे वर्णपट टिपिले. ती वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली व तिचीं यंत्रें कोडाईकनालास गेलीं. तेथें १९०४ पासून घेतलेलीं सूर्याचीं छायाचित्रें आज अंकरूप होऊन सर्वांस खुलीं आहेत. आणि पुण्याच्याच ‘आयुका’ संस्थेंतील संशोधकांच्या सहकार्यानें किट पीक येथें घेतलेल्या १२७३ ताऱ्यांच्या वर्णपटांचें भांडार २००४ सालीं प्रसिद्ध झालें; तें जगभर मापदंड म्हणून वापरलें जातें.

हीं भांडारें पाहावयास पदवी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं. घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर एखाद्या रात्रीं जेवणानंतर संगणकावर अभिजिताचा वर्णपट काढून सर्वांस दाखविण्यास तिला सांगावें. हायड्रोजनच्या रेषा प्रथमदर्शनींच ओळखूं येतील. आणि आजोबांच्या पेटींत कांहीं जुने कागद, टिपणें, छायाचित्रें असतील तर तींहि त्याच सुटींत बाहेर काढावीं, आणि ज्यांना आठवतें ते आहेत तोंवर मागें नांव, गांव, साल लिहून ठेवावें. त्यांचा अर्थ आज आपणांस लागलाच पाहिजे असें नाहीं.

पुढील अंकीं, जमल्यास, इंद्रधनुष्यांत या काळ्या रेषा नुसत्या डोळ्यांस कां दिसत नाहींत, याचा विचार करूं.