पर्सवरची अक्षरे
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वार्षिक अंकासाठी विषय सुचवा म्हटल्यावर पाण्याचा प्रश्न, स्पर्धा परीक्षा, मोबाइलचा अतिरेक असे भारदस्त विषय पुढे आले. मी 'पर्स' म्हणाले तेव्हा मागच्या बाकांवरून हसू फुटले. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त एक विचारावेसे वाटते. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या बुटांवर परदेशी कंपनीची खूण होती, आणि एकाच्या पट्ट्याच्या बक्कलावर तर दोन इंग्रजी 'जी' पाठीला पाठ लावून बसले होते. मुलाने बूट मागितले तर ती हौस आणि मुलीने पर्स मागितली तर तो छचोरपणा, हा न्याय कोणत्या पुस्तकात लिहिला आहे?

मी बोलते आहे ती पर्स म्हणजे रुमाल आणि सुटे पैसे ठेवायची साधी पर्स नव्हे. जिच्यावर लुई व्हिताँ, शनेल, डिऑर अशा परदेशी घराण्यांची अक्षरे असतात ती. या नावांचा उच्चार आपल्या तालुक्यात कोणालाच खात्रीने येत नाही, पण अक्षरे मात्र सगळ्यांना ओळखू येतात. खऱ्या पर्सची किंमत लाखांत असते. ती माढ्यात कोणाकडे नसणार. आपल्याकडे येते ती तिची नक्कल. दुकानदार तिला 'फर्स्ट कॉपी' म्हणतो. शब्द मोठा गमतीचा आहे. नक्कलच, पण पहिल्या नंबरची!

मला ती पर्स हवी होती. चांगली सात-आठ महिने हवी होती. आणि ती हवी वाटण्यात काही कमीपणा होता असे मला आजही वाटत नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडील सातवीपर्यंत शिकले, आईने शाळा पाहिली ती फक्त मला सोडायला आली तेव्हा. पाचवीपर्यंत माझे दप्तर युरियाच्या पोत्याचे होते. आईने पोते उलटे करून शिवले होते, म्हणजे खताच्या कंपनीची अक्षरे आत जावीत. पण पोते विरळ. ऊन पडले की ती अक्षरे उलटी होऊन बाहेर दिसत. मी ते दप्तर पोटाशी धरून चालायची. ज्यांनी अक्षरे लपवत शाळा केली, त्यांना पुढे अक्षरे मिरवावीशी वाटली तर त्यात नवल ते काय?

महाविद्यालयात आल्यावर ही गोष्ट संपेल असे वाटले होते. संपली नाही. एकदा एका स्पर्धेसाठी शहरात गेले होते. शेजारी बसलेल्या मुलीने "तू कुठली?" म्हणून विचारले, पण मी तोंड उघडण्याआधीच तिची नजर माझ्या पिशवीवरून पायांतल्या चपलेवर जाऊन परत आली होती. उत्तर तिला मिळाले होते. बोलायला वाईट नव्हती मुलगी, डब्यातले दिलेही तिने मला. पण ती नजर लक्षात राहिली. मला पर्स हवी होती ती त्या नजरेला उत्तर म्हणून. ती खांद्यावर असती तर गाव, तालुका, आईची हजेरी, काहीच सांगावे लागले नसते.

'कमवा व शिका'मधून साठवलेले बाराशे रुपये माझ्याजवळ होते. पर्स बाराशेचीच होती. आईची खुरपणीची हजेरी तीनशे रुपये, म्हणजे हिशेबाने चार दिवसांची खुरपणी. मी आईला विचारले तर ती म्हणाली, "घे की गं. तुजंच पैसं हाईत." तिने नाही म्हटले असते तर हट्टाला पेटून मी दुसऱ्याच दिवशी घेऊन आले असते. तिने सहज होकार दिला आणि मग मला विचार करावा लागला.

विचार करायचा तर आधी माहिती हवी. या घराण्यांविषयी वाचू लागले आणि पहिल्यांदा आपुलकीच वाटली. लुई व्हिताँ हा खेड्यातला मुलगा. लहानपणी घर सोडून पायी पॅरिसला गेला, पेट्या बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली आणि १८५४ मध्ये स्वतःचे दुकान थाटले. एर्मेस हे घराणे १८३७ मध्ये सुरू झाले ते घोड्यांचा साज शिवण्यासाठी. म्हणजे मुळात दोघेही हाताने काम करणारे कारागीर. आपल्या रावरंभा निंबाळकरांच्या काळी माढ्याच्या गढीतल्या घोड्यांचा साजही कोणीतरी असाच शिवला असेल. त्याचे नाव मात्र कोणत्याही पर्सवर नाही.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पर्सची गोष्ट तर कथाकथनात सांगावी अशी आहे. जेन बर्किन ही इंग्रज नटी आणि गायिका. ती बाजारहाटाला नेतात तसली वेताची टोपली घेऊन सगळीकडे हिंडायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानात तिचे सामान सांडले. शेजारी एर्मेसचे प्रमुख बसले होते. दोघांनी मिळून एका मोठ्या पिशवीची कल्पना काढली आणि १९८४ मध्ये 'बर्किन' पर्स तयार झाली. आता गंमत पाहा. ही पर्स मिळावी म्हणून जगभरातल्या श्रीमंत बायका दुकानदाराची मर्जी राखत वाट पाहतात, आणि स्वतः जेनने तिच्या पर्सचे काय केले? तिला नखे कापायचे नेलकटर अडकवले, मदतसंस्थांची चिकटपत्रे चिकटवली, खरचटू दिली, आणि १९९४ मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावाला देऊन टाकली. तीच डागाळलेली पर्स १० जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. आपले सुमारे ८६ कोटी रुपये! जिच्या नावाने पर्स, तिने ती पिशवीसारखी वापरली. पूजा बाकीच्यांनी केली.

दुसरी हकिगत मात्र गमतीची नाही. जून २०२४ मध्ये इटलीत मिलानच्या न्यायालयाने डिऑरच्या पर्स बनवून घेणाऱ्या कंपनीवर देखरेख नेमली. सरकारी वकिलांच्या कागदपत्रांत असे होते की, दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका पर्सच्या बनावटीपोटी कंत्राटदाराला ५३ युरो दिले जात. चामड्याचा खर्च वेगळा. तरीसुद्धा एकीकडे पावणेपाच हजार रुपये आणि दुसरीकडे सव्वादोन लाखांच्या वर! रात्रंदिवस काम चालावे म्हणून मजूर कारखान्यातच झोपत, असेही तपासात निघाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ही देखरेख उठवली. पण आपल्याला ते झोपणे काही नवे नाही. गळीत हंगामात आपल्या तालुक्यातल्या उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात, त्यात माणसे कामाच्या उशाशीच झोपतात. इतक्या दूरच्या, इतक्या झगमगीत वस्तूच्या पोटात आपल्याच ओळखीची झोपडी निघावी, हे वाचून मी बराच वेळ मोबाइल खाली ठेवला.

तरीही इच्छा गेली नव्हती. ती सैल झाली ती कोल्हापुरी चपलेमुळे.

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या घराण्याच्या पुरुषांच्या कपड्यांचा कार्यक्रम झाला. त्यात चालणाऱ्यांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी होती, पण कोल्हापूरचे नाव नव्हते. महाराष्ट्रात ओरड झाली, मग कंपनीने मान्य केले की ही प्रेरणा भारतातील पारंपरिक चपलेची आहे. जुलैत त्यांचे लोक कोल्हापूरला कारागिरांना भेटून गेले. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २,००० जोड इथे बनणार, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो असे जाहीर झाले. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. त्या चारांत कोल्हापूर, सांगली, सातारा आणि चौथा आपला सोलापूर! शहरातल्या त्या मुलीची नजर माझ्या पायांतल्या ज्या चपलेवर जाऊन 'खेड्यातली' असे ठरवून परत आली, ती हीच चप्पल होती. वडिलांनी यात्रेतून आणलेली, करकर वाजणारी. चामडे तेच, पट्टा तोच, अंगठाही तोच. फक्त मिलानच्या मंचावर गेल्यावर बघणाऱ्याने मान वर केली. मग मी ज्या नजरेला उत्तर देण्यासाठी बाराशे रुपये मोजणार होते, त्या नजरेला स्वतःचे असे मत तरी होते का? ती नजर कोणाच्या तरी सांगण्यावरून वर-खाली होते. तिला खूष करत बसायचे तर जन्म पुरणार नाही.

आणखी एक. चामडे कमावणाऱ्या, टाका घालणाऱ्या माणसाला आपण गावात कुठे बसवले होते हे आपल्याला ठाऊक आहे. वस्तू पायांत चालली, माणूस ओट्यावर चालला नाही. प्राडावर रागावताना आपला आवाज एवढा मोठा होता, तो इकडे कधी लागला नाही. याविषयी कोणी वेगळा लेख लिहिला तर मी आवडीने वाचेन.

आता समाधानाविषयी. हा शब्द आला की मला थोडी भीती वाटते, कारण तो बहुतेक वेळा वरून खाली सांगितला जातो. ज्याच्या घरी सगळे आहे तो ज्याच्या घरी नाही त्याला म्हणतो, समाधानी राहा. शेतमजुराच्या मुलीला 'अंथरूण पाहून पाय पसर' म्हणणे सोपे आहे. अंथरूण एवढेसे का, हे कोणी विचारत नाही. आमचे काही आदरणीय प्राध्यापक साधी राहणी आणि उच्च विचारसरणीवर फार सुंदर बोलतात आणि मग गाडीची किल्ली शोधतात. (सरांनी राग मानू नये.) मी पर्स घेतली नाही ती गरिबाने पायरी ओळखून राहावे म्हणून नव्हे. उद्या नोकरी लागली तर आईला पक्के घर, घरात नळ आणि मला स्वतःची खोली, यांतले काहीही मी सोडणार नाही.

अरण आपल्याच तालुक्यात आहे. सावता महाराजांचे उदाहरण आपल्याला लहानपणापासून दिले जाते आणि त्याचा अर्थ 'आहे तिथेच सुखाने राहा' असा लावला जातो. मला तो अर्थ पटत नाही. सारा मुलूख पंढरपूरकडे चालला असताना हा माणूस आपल्या मळ्यातून हलला नाही. त्याला विठ्ठल नको होता असे नाही. तो अमुक ठिकाणी गेल्याशिवाय मिळत नाही, हे त्याने मानले नाही. यात नमते घेणे कुठे आहे? उलट केवढा ठामपणा आहे! १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली, आणि आजही आषाढ वद्यात पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. महाराज मळ्यात उभे राहिले ते स्वतःच्या मताने. दुसऱ्याने 'इथेच थांब' म्हणून थांबवले असते तर ती वेठबिगारी झाली असती.

एक धोका मला दिसतो तोही सांगते. ग्रंथालयातले जुने वार्षिक अंक चाळले तर छायाचित्रांतल्या प्रत्येक कवीच्या आणि वक्त्याच्या खांद्यावर शबनम लटकलेली दिसते. ती साधीच पिशवी, पण 'मी विचार करणारा आहे' हे सांगायला घेतलेली. तीही अक्षरेच होती, फक्त न छापलेली. कापडी पिशवी घेऊन तिचाच तोरा मिरवायचा असेल तर त्यापेक्षा फर्स्ट कॉपी प्रामाणिक.

माझी सध्याची पिशवी जुन्या सोलापुरी चादरीची आहे. गल्लीतल्या मावशींनी चाळीस रुपयांत शिवून दिली. तिच्यावर अर्धा मोर आहे, उरलेला अर्धा चादरीच्या फाटक्या भागात गेला. पावसात ती अशी भिजते की वह्या वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवाव्या लागतात, आणि चेन दर दोन दिवसांनी अडते. तिच्यावर माझे प्रेम वगैरे नाही. पण बस आली की ती खिडकीतून आत टाकून जागा धरता येते, आणि ती कोणाला दिसते आहे याचा विचार करण्यात दिवस जात नाही. तो वेळ केवढा होता हे तो मोकळा झाल्यावर कळले. बाराशे रुपयांचे पुस्तक घेतले असे लिहिले असते तर प्राध्यापकांना बरे वाटले असते. खरे सांगायचे तर तीनशेचा रिचार्ज मारला, एक छत्री घेतली, बाकीचे आहेत.

माझ्या मैत्रिणीने मात्र ती पर्स घेतली. तिला शोभतेही. दिवाळीनंतर तिचा बंद तुटला तेव्हा आम्ही दोघी स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पर्स हातात घेतली, सोनेरी अक्षरांवरून अंगठा न फिरवता सरळ शिवण उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "रेग्झिन हाय बाळ, टाका धरायचा न्हाई. आतनं पट्टी लावून देतो." पट्टी चामड्याची लावली. वीस रुपये घेतले. बंद अजून टिकून आहे.