खाली उतरण्याचा हक्क

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण या शहराने पूर्वी व्यापाराच्या बळावर मिळविली आणि आज पोलादाच्या बळावर राखली आहे. येथील औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या सळया दूरदूरच्या इमारतींत आणि पुलांत जाऊन बसतात. 701 किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला आणि 5 जून 2025 रोजी तो पूर्णत्वास पोचला. शहर वाढते आहे, मजल्यावर मजले चढत आहेत, कारखान्यांवर नवी छपरे पडत आहेत. हे सारे वैभव ज्यांच्या हातांनी उभे राहते, त्यांतील कित्येकांचा दिवस परांचीवर, गर्डरवर, क्रेनच्या रुळाशेजारी किंवा विजेच्या खांबावर जातो. अशांपैकी एखादा तरुण एके संध्याकाळी मुकादमाला ‘उद्यापासून मी वर चढणार नाही’ असे सांगून निघून गेला, तर त्याच्याविषयी आपण काय म्हणतो? पोरगा भित्रा निघाला, कष्ट नको झाले, हल्ली कोणाला काम नकोच असते! आमच्या मते हा निवाडा घाईचा आहे, आणि अन्यायाचाही आहे.

उंचीवरील कामात भीती वाटणे हा दुबळेपणा नव्हे, ते हिशेबाचे शहाणपण आहे. वीस फुटांवरून, म्हणजे सुमारे सहा मीटरवरून, सुटलेला माणूस एक सेकंदाहून थोड्याशाच अधिक वेळात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. इतक्या अवकाशात सावध होण्यास वा कशाला धरण्यास सवड कोठली? म्हणून उंचीवरील सुरक्षितता पडल्यानंतरच्या चपळाईवर अवलंबून ठेवता येत नाही. ती वर चढण्यापूर्वीच सिद्ध असावी लागते. परांचीला कठडा हवा, खाली जाळे हवे, अंगावर पट्टा हवा आणि तो पट्टा अडकविण्यास वजन पेलणारी पक्की जागा हवी. पुष्कळ ठिकाणी पट्टा असतो, पण तो अडकवायचा कोठे याचे उत्तर नसते. मग तो पट्टा छायाचित्रापुरता शोभतो. सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर दुरून भक्कम दिसते, पण त्यावर आडव्या फळ्या न टाकता पाय ठेवला तर पत्रा फुटून माणूस थेट खाली जातो. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही, तर त्याच्या धैर्याची परीक्षा घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

या भीतीला आधार नाही असे कोणी म्हणू नये. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे याच समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूरजवळ, गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळून 20 जण प्राणांस मुकले. ऑगस्ट 2024 मध्ये खुद्द जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्टीचा स्फोट होऊन अनेक कामगार भाजले. पहिली दुर्घटना उंचीची, दुसरी आगीची. परंतु दोन्ही ठिकाणी एक प्रश्न सारखाच उरतो. ज्या माणसाचा जीव तेथे पणास लागलेला असतो, त्याला ‘थांबा, हे ठीक दिसत नाही’ असे म्हणण्याची सोय असते काय? आणि तसे म्हटल्यावर त्याची रोजी शाबूत राहते काय?

येथे कायद्याकडे पाहणे प्राप्त आहे. भोपाळच्या भीषण अनुभवानंतर, 1987 साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रियांतील कामगारांना आसन्न संकटाची सूचना व्यवस्थापनास देण्याचा हक्क मिळाला. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा हक्क धोक्याच्या प्रक्रियांपुरता न ठेवता इतर आस्थापनांतील कामगारांनाही दिला, ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. जीवितास वा शरीरास तातडीचा धोका आहे अशी वाजवी शंका आल्यास कामगार ती मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानी घालू शकतो. मालकाला ती पटली तर त्याने ताबडतोब उपाय करावयाचा. पटली नाही तर निरीक्षकाने निर्णय द्यावयाचा.

परंतु निरीक्षकाचा निर्णय येईपर्यंत तो कामगार कोठे उभा असतो? परांचीवर की जमिनीवर? सूचना देण्याचा हक्क कायद्याने दिला. सूचना दिल्यावर खाली उतरून उभे राहण्याचा आणि तेवढ्यासाठी रोजगार न गमावण्याचा हक्क तितक्याच स्पष्ट शब्दांत दिला नाही. शिवाय संहितेची व्याप्ती सामान्यतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू होते, आणि सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती तर बांधकामावर 250 आणि सामान्य कारखान्यात 500 कामगारांपासून पुढे. चार माणसांची टोळी घेऊन पत्रे बदलणारा ठेकेदार या मोजपट्टीत येतच नाही. जेथे देखरेख सर्वांत कमी, तेथेच कामगाराला आपले रक्षण आपणच करावे लागते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1981 सालीच आपल्या 155 व्या करारात हे तत्त्व सांगितले आहे: आपल्या जिवाला आसन्न व गंभीर धोका आहे असे सयुक्तिक कारणाने वाटून जो कामगार कामापासून दूर होतो, त्याला त्याबद्दल अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत. 2022 साली त्या संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थितीची गणना श्रमिकांच्या मूलभूत हक्कांत केली. अमेरिकेतील एक खटला तर आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. ओहायो राज्यातील एका कारखान्यात सुमारे वीस फूट उंचीवर तारांची जाळी टांगलेली होती व तिच्यावर जाऊन काम करावे लागे. जून 1974 मध्ये त्या जाळीतून पडून एक कामगार दगावला. दोनच आठवड्यांच्या आत दोघा कामगारांना त्याच जाळीवर जाण्याचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला. त्यांना घरी पाठविण्यात आले, उरलेल्या सहा तासांची मजुरी कापली गेली आणि लेखी ठपकाही मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1980 साली न्यायालयाने एकमताने ठरविले की मृत्यूचा वा गंभीर इजेचा वाजवी धोका दिसत असता, आणि दाद मागण्यास दुसरा मार्ग वा वेळ नसता, सद्भावनेने दिलेल्या नकाराला संरक्षण देणारा नियम वैध आहे. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या देशात एवढे घडल्याने तेथील कारखाने बुडाले नाहीत.

मालकवर्गाचा आक्षेप ठरलेला आहे. असा हक्क दिला तर उठसूट कोणीही काम थांबवील, मुदती चुकतील. शिवाय दिलेला पट्टा पुष्कळदा कामगारच वापरीत नाहीत. यांपैकी दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. पट्टा घातला की हालचाल जड होते, वेळ लागतो; आणि मजुरी जेथे कामाच्या मापावर ठरते, तेथे वेळ म्हणजे पोटाची भाकरी. दोष कामगाराच्या हट्टापेक्षा मजुरीच्या रीतीत अधिक आहे. पहिला आक्षेप मात्र टिकणारा नाही. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची, किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून इथल्या गिरण्यांत आलेल्या मजुरांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, ते असे म्हणणार नाहीत. हातावर पोट असलेला, उचल घेऊन आलेला, राहती खोलीही ठेकेदाराचीच असलेला माणूस मौजेखातर रोजी सोडीत नाही. तो खाली उतरतो तेव्हा त्याने दोन्ही बाजूंचा हिशेब केलेला असतो. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपण मुलांना शिकवितो. ती मजुराने आचरिली की तिला पळपुटेपणा म्हणतो.

सुरक्षिततेवरचा खर्च वाया जातो असेही नाही. 1933 ते 1937 या काळात सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना कामाखाली भलेमोठे जाळे पसरले होते. त्याने 19 जणांचे प्राण वाचविले. 17 फेब्रुवारी 1937 रोजी तुटलेल्या फलाटाने तेच जाळे फाडले आणि 10 जण बुडाले, हेही खरे. म्हणजे जाळे हवेच, आणि जाळ्यावर विसंबून फलाटाची तपासणी सोडणेही चालणार नाही. पण दुरून शास्त्र कशाला शिकावे? रायगडाचा कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेल्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. तिच्या धैर्याचे कौतुक झालेच, परंतु ती जेथून उतरली ती जागा मोकळी न ठेवता तेथे बुरूज बांधला गेला, असे ती आख्यायिका सांगते. आपण धैर्याचे कौतुक तेवढे ध्यानात ठेवले आणि बुरूज विसरलो.

तेव्हा आमच्या मागण्या सरळ आहेत. राज्य सरकारने नियमांद्वारे, आणि नियमाने भागत नसेल तर दुरुस्तीद्वारे, असे स्पष्ट करावे की सद्भावनेने धोक्याची सूचना देऊन खाली उतरलेल्या कामगारास निरीक्षकाचा निर्णय होईपर्यंत कामावरून काढता येणार नाही आणि त्या वेळेची मजुरी कापता येणार नाही. हा हक्क मराठीत व हिंदीत प्रत्येक बांधकामाच्या दारावर लावला जावा. जालना महानगरपालिकेने बांधकामाची परवानगी देताना परांची, कठडे व जाळ्यांची योजना मागावी. आणि पोलाद उद्योगाच्या धुरीणांनी छपरांच्या दुरुस्तीचे काम टोळ्यांकडे सोपविताना सुरक्षिततेचा खर्च करारात वेगळा दाखवावा, म्हणजे सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत पहिली कात्री त्याला लागणार नाही.

आणखी एक मागणी आमच्या वाचकांकडेच आहे. घराला रंग देण्यासाठी, गच्चीवरील टाकी बसविण्यासाठी वा सज्जाचा गिलावा करण्यासाठी आपण जो माणूस बोलावतो, त्याच्यापुरते मालक आपणच असतो, आणि कायदा बहुधा आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला नसतो. त्याने ‘साहेब, असे नाही जमणार, आधी परांची नीट बांधू द्या, एक दिवस जास्त लागेल’ असे म्हटले, तर तो दिवस त्याला द्यावा आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी. तेवढे न देता दुसरा स्वस्त माणूस शोधणाऱ्याला ठेकेदारांच्या निष्काळजीपणाबद्दल बोलण्याचा अधिकार राहत नाही.