साक्षीदार वजा केल्यावर

मॉर्मन पंथाचे दहावे अध्यक्ष जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर लिहून ठेवलं, की हा धर्म उभा राहील तो संस्थापकाच्या कहाणीवर आणि कोसळेल तोही तिच्यामुळेच. संस्थापक जोसेफ स्मिथ देवाने नेमलेला संदेष्टा होता, नाहीतर लबाड होता. मधली जागा त्यांना मान्य नव्हती. लिहिणारे संस्थापकाच्या सख्ख्या भावाचे, हायरमचे, नातू. पुढे पंधरावे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनीही हीच भूमिका जाहीरपणे मांडली. टीकाकारांना याहून सोयीचं काय हवं होतं? एका माणसाचं चरित्र तपासायचं, त्यात खोट सापडली की एक कोटी सत्तर लाखांहून अधिक सभासदांचा धर्म खोटा ठरवून मोकळं व्हायचं.

धर्मांच्या इतिहासावर लिहिताना मला हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो: शिकवण देणाऱ्यापासून शिकवण वेगळी काढता येते का? बुद्धाचं चरित्र बाजूला ठेवूनही चार आर्यसत्यं स्वतःच्या अनुभवावर तपासता येतात. मॉर्मन पंथात हे जमत नाही, कारण जोसेफ स्मिथने मागे ठेवल्या त्या प्रामुख्याने घटना. १८२०च्या वसंतात न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावाजवळच्या राईत चौदा वर्षांच्या मुलाला झालेलं ईश्वरदर्शन. १८२३मध्ये मोरोनाय नावाच्या देवदूताचं येणं. १८२७मध्ये टेकडीतून काढलेले सोन्याचे पत्रे. १८२९मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वतः येऊन जोसेफ आणि ऑलिव्हर काउडरी या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून दिलेलं याजकपद. या गोष्टी घडल्या तरी, नाहीतर घडल्या नाहीत. त्यांचा भावार्थ घेऊन पुढे जाता येत नाही.

यातलं याजकपद सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि बाहेरचे लोक नेमके त्याच्याकडेच दुर्लक्ष करतात. या पंथात मुलगा बारा वर्षांच्या आसपास पहिल्या पायरीचं याजकपद घेतो. पुढे मोठं याजकपद मिळालं, की त्याला आपली परंपरा कागदावर मांडता येते: मला अमक्याने दिलं, त्याला तमक्याने दिलं, असं मागे जात जात जोसेफ स्मिथपर्यंत, तिथून पेत्र, याकोब, योहान या प्रेषितांपर्यंत आणि येशूपर्यंत. याच अधिकाराने मंदिरात लग्नं लागतात, तीही अनंतकाळासाठी. मूल गेलेल्या युटातल्या आईला ते मूल आपलंच आहे आणि आपल्यालाच परत भेटणार आहे, ही खात्री असते ती याच साखळीमुळे. जोसेफची कडी निखळली तर तिच्या लेखी इतिहासातला एक तपशील चुकलेला नसतो. तिचं मूल दुसऱ्यांदा हिरावलं जात असतं. म्हणूनच या पंथातल्या लोकांशी जोसेफबद्दल बोलताना जीभ सैल सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं असूनही, वैयक्तिक श्रद्धा जोसेफपासून सुरू होत नाही. दारावर येणारे अठरा-वीस वर्षांचे मिशनरी हातात पुस्तक ठेवतात, ‘बुक ऑफ मॉर्मन’, त्या सोन्याच्या पत्र्यांवरच्या मजकुराचा जोसेफने केलेला अनुवाद म्हणून. त्याच्या शेवटच्या भागात मोरोनाय वाचकाला आश्वासन देतो, की हे खरं आहे का, ते देवालाच विचारा, पवित्र आत्मा उत्तर देईल. माणूस वाचतो, प्रार्थना करतो, त्याच्या छातीत ऊब दाटते. ज्याला ती जाणवली, तो पुढचा हिशोब स्वतःच करतो: पुस्तक खरं, म्हणून ते आणणारा संदेष्टा खरा, म्हणून त्याने स्थापलेलं चर्च खरं. या मांडणीत जोसेफ गृहीतक नाही, निष्कर्ष आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास करून लोक उभे राहतात आणि साक्ष देतात, तेव्हा ते आपापल्या अनुभवाची साक्ष देत असतात. अनेक शहाण्या मॉर्मनांचं म्हणणं हेच आहे: आम्ही जोसेफच्या चारित्र्यावर विसंबलेलो नाही, आम्ही विचारलं आणि आम्हाला उत्तर मिळालं.

चर्चच्या स्वतःच्या प्रश्नांतही ही दुहेरी रचना दिसते. बाहेरून येऊन बाप्तिस्मा घेणाऱ्याला जोसेफ स्मिथचं नाव घेऊन विचारलं जातं, की त्याच्याद्वारे चर्चची पुनःस्थापना झाली असं तू मानतोस का? पण मंदिरात जाण्याचा परवाना देताना जे प्रश्न विचारतात, त्यांत जोसेफचं नाव नाही. सुवार्तेच्या पुनःस्थापनेची तुझी साक्ष आहे का, हयात अध्यक्षांना तू संदेष्टा मानतोस का, एवढंच तिथे विचारतात. उंबरठ्यावर संस्थापक उभा आहे, आतल्या दालनात त्याचं पद.

मग संस्थापकाला वजा करून पाहिलं तर काय उरतं? हा प्रयोग एका माणसाने खरोखर केला आणि आयुष्यभर निभावला. डेव्हिड व्हिटमर. सोन्याचे पत्रे देवदूताने आपल्याला दाखवले, असं शपथेवर सांगणाऱ्या तीन साक्षीदारांपैकी एक. १८३७मध्ये ओहायोतल्या कर्टलंडमध्ये जोसेफच्या पुढाकाराने काढलेली पतपेढी बुडाली, विश्वासाने पैसे ठेवणारे देशोधडीला लागले आणि चर्चमध्ये उभी फूट पडली. पुढच्याच वर्षी व्हिटमर बहिष्कृत झाला. त्यानंतर पन्नास वर्षं तो मिझुरीतल्या रिचमंडमध्ये राहिला आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला, की पत्रे खरे होते, पुस्तक खरं आहे. मात्र १८८७मध्ये काढलेल्या पुस्तिकेत त्याने लिहिलं, की जोसेफ पुढे वाट चुकला आणि त्याने स्वतःला नको तितक्या उंचीवर बसवलं. पुढच्या वर्षी तो गेला, तोही हीच साक्ष कायम ठेवून.

व्हिटमर मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक माणूस वाटतो. संदेष्टा किंवा लबाड, ही पैज त्याने स्वीकारली नाही. त्याला जे दिसलं असं त्याला वाटत होतं, ते त्याने सोडलं नाही आणि जे पटलं नाही, ते गिळलंही नाही. पण त्याच्याभोवती जमलेला गट छोटाच राहिला आणि काळाच्या ओघात संपला. एकट्या माणसाच्या अंतःकरणात ही वजाबाकी मावते. लग्नं लावायची, मुलांना बाप्तिस्मा द्यायचा, दूरदेशी मिशनरी पाठवायचे, तर चर्चला अधिकार लागतो, आणि तो व्हिटमरने जोसेफबरोबरच सोडून दिला होता.

जोसेफची आणखी एक अडचण त्याच्या काळाची आहे. तो छापखान्याच्या युगात जन्मला. मोशेच्या काळातली न्यायालयीन कागदपत्रं कुणाकडे नाहीत. जोसेफची आहेत. जमिनीत पुरलेलं धन खड्यात पाहून शोधून देतो, या आरोपावरून १८२६मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेनब्रिजमध्ये त्याची चौकशी झाली, त्याची नोंद आहे. ईश्वरदर्शनाचं त्याने स्वतः सांगितलेलं वर्णन १८३२, १८३५, १८३८ आणि १८४२ असं चार वेळा नोंदलं गेलं आहे. १८३२च्या वर्णनात प्रभू भेटतो आणि पापांची क्षमा करतो. १८३८च्या, आता धर्मग्रंथात समाविष्ट असलेल्या वर्णनात पिता आणि पुत्र अशा दोन व्यक्ती प्रकटतात. या जुन्या कागदांचं मोल इतकं, की मार्क हॉफमन या इसमाने १९८०च्या दशकात मॉर्मन इतिहासाची बनावट कागदपत्रं तयार करून चर्चसकट अनेकांना विकली आणि बिंग फुटायची वेळ आली तेव्हा सॉल्ट लेक सिटीत बॉम्ब ठेवून दोघांचा जीव घेतला. ज्या धर्मात संस्थापकाचं एक पत्र बाजी उलटवू शकतं, तिथेच असा धंदा चालतो.

सगळ्यांत बोलका कागद मात्र इजिप्तचा आहे. १८३५मध्ये एक फिरता प्रदर्शनवाला चार ममी आणि काही पपायरस घेऊन कर्टलंडला आला. जोसेफने आणि त्याच्या अनुयायांनी ते सगळं २,४०० डॉलरना विकत घेतलं. या पपायरसावर अब्राहामाने स्वहस्ते लिहिलेला मजकूर आहे, असं जोसेफने जाहीर केलं आणि १८४२मध्ये त्याचा अनुवाद प्रसिद्ध केला. तोच आजचा ‘बुक ऑफ अब्राहाम’, मॉर्मन धर्मग्रंथांपैकी एक. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची फ्रेंच विद्वान शाँपोलियोंची युक्ती अमेरिकेच्या खेड्यांत तेव्हा पोचलेली नव्हती, त्यामुळे पडताळा घेणारं कुणी नव्हतं. पपायरस शिकागोच्या आगीत जळाले, असं सगळे मानून होते. पण त्यांतले काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले आणि १९६७मध्ये चर्चच्या हवाली झाले. इजिप्तविद्येच्या तज्ज्ञांनी ते वाचले. मृताला परलोकी जाताना सोबत द्यायचा तो मजकूर होता, अब्राहामाचं त्यात नावही नव्हतं. २०१४मध्ये चर्चने स्वतःच्या निबंधात मान्य केलं, की या तुकड्यांतला मजकूर आणि अनुवाद जुळत नाहीत. उरलेला पपायरस हरवला असावा, किंवा पपायरस पाहून जोसेफला स्वतंत्र प्रकटीकरण झालं असावं, अशी स्पष्टीकरणं त्यात दिली आहेत. श्रद्धावानाला ती पुरतातही. पण व्हिटमरची वजाबाकी इथे करता येत नाही, कारण या ग्रंथाला साक्षीदारच एक आहे.

२०१३ ते २०१५ या काळात चर्चने असे बरेच निबंध काढले. जोसेफच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी, त्यांतली एक पंधरा वर्षंही पूर्ण न केलेली होती, काही जणी आधीच दुसऱ्यांच्या विवाहित पत्नी होत्या, हे चर्चच्याच शब्दांत लोकांनी वाचलं. टोपीत खडा ठेवून, त्यात पाहत जोसेफने पुस्तक सांगितलं, हेही आलं, आणि २०१५मध्ये त्या तपकिरी खड्याचा फोटोच छापला गेला. तोवर रविवारच्या वर्गांतल्या चित्रांत जोसेफ टेबलाशी बसून सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचताना दिसे. पन्नाशीतल्या, पंथासाठी उभं आयुष्य दिलेल्या माणसांना हे एका संध्याकाळी कळलं. त्यांतले अनेक निघून गेले. बायकांच्या संख्येपेक्षाही त्यांना एक गोष्ट जास्त लागली: ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी सांगितलं नाही.

संस्थापकाचं हे ओझं पूर्वी आपल्याही शहरांत वाहिलं गेलं आहे. ऑगस्ट १८५२मध्ये सॉल्ट लेकच्या संमेलनात बहुपत्नीत्वाची शिकवण प्रथमच उघडपणे जाहीर झाली, आणि त्याच संमेलनात हिंदुस्थानासाठी मिशनरी नेमले गेले. त्याच वर्षी ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला. पुढे पुण्यातल्या गोऱ्या शिपायांमध्ये त्याने काम केलं, तिथे त्याची छोटी मंडळी जमलीही. पण अमेरिकेतून आलेली ही बातमी प्रत्येक ठिकाणी मिशनऱ्यांच्या आधी पोचत होती. येशूबद्दल बोलायला आलेल्या माणसाला लग्नांबद्दल उत्तरं द्यावी लागत होती. काही वर्षांतच ही मोहीम आवरती घ्यावी लागली.

जोसेफचा भार हलका करून चालण्याचा प्रयत्न संस्था म्हणून एकाच गटाने नेटाने केला. १८४४च्या जूनमध्ये इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफला मारल्यावर बहुसंख्य लोक ब्रिगहॅम यंग या नेत्याबरोबर पश्चिमेला, युटात गेले. पत्नी एमा मात्र इलिनॉयमधल्या नॉव्हू गावातच राहिली आणि नवऱ्याने दुसरी लग्नं केलीच नाहीत, असं ती अखेरपर्यंत सांगत राहिली. तिच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६०मध्ये वेगळं चर्च उभं राहिलं. त्याने १९८४मध्ये स्त्रियांना याजकपद खुलं केलं, २००१पासून ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ हे नाव घेतलं. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा खराखुरा इतिहास आहे, असं मानण्याची सक्ती तिथे नाही. वाद पचवण्याची ही ताकद मला आदराची वाटते. तिची किंमतही त्यांनी मोजली. लोक कमी झाले, पैसा आटला, आणि २०२४मध्ये जोसेफने बांधलेलं कर्टलंडचं मंदिर त्यांनी इतर ठिकाणांसह युटाच्या चर्चला १९ कोटी २५ लाख डॉलरना विकलं.

तेव्हा जोसेफ फील्डिंग स्मिथांचं म्हणणं संस्थेपुरतं खरं आहे. याजकपदाची साखळी, मंदिरातली लग्नं, नवे धर्मग्रंथ हे सगळं जोसेफच्या शब्दावर टांगलेलं आहे. माणसापुरतं मात्र ते खरं नाही आणि अन्यायाचं आहे. पुस्तक वाचून ज्याला देव भेटला, त्याच्यावर पपायरसाची आणि लग्नांची जबाबदारीही टाकणं म्हणजे त्याला दोनच दारं दाखवणं: सगळं गिळ, नाहीतर घर, शेजार, लग्न, सगळं सोडून जा. ही दोन दारं टीकाकारांनी बांधलेली नाहीत. चर्चच्या नेत्यांनी बांधली, आणि सभासदांची मुलं आठव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन आत येतात ती याच दारांतून.

अलीकडे चर्चने आपला इतिहास ‘सेंट्स’ या ग्रंथमालेत मोकळेपणाने मांडायला घेतला आहे. खडा आणि बहुपत्नीत्व, दोन्ही त्याच्या २०१८च्या पहिल्या खंडात आहेत. ही चांगली सुरुवात आहे. पण बाप्तिस्म्याआधी जोसेफ स्मिथवर विश्वास आहे का, असं विचारणाऱ्यांनी तो जोसेफ कोण होता, हेही बाप्तिस्म्याआधीच सांगायला हवं, नंतरच्या वाचनावर सोडायला नको. आणि व्हिटमरसारखं म्हणणारा कुणी आज एखाद्या उपवासाच्या रविवारी उभा राहिला, तर त्याला बाकावरची त्याची जागा परत मिळायला हवी.