तंत्रगप्पा : जोडणं सोपं, वाटणी अवघड



गेल्या वर्षी याच सदरात आपण जुन्या कॅसेट संगणकावर कशा उतरवायच्या ते पाहिलं होतं. यंदा गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो, तर एका काकांनी मागून खांद्यावर हात ठेवला. "तुझं ऐकून सगळ्या कॅसेट उतरवल्या रे. आता संगणक म्हणतो, जागा नाही. पुढे काय?" मी ऐटीत म्हटलं, "त्यात काय काका, आणखी एक डिस्क जोडायची." दोनच आठवड्यांनी तीच पाळी माझ्यावर आली आणि ते "त्यात काय" मला चांगलंच महागात पडणार होतं. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या बेसमेंटमध्ये लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक आहे. मंडळाच्या गणेशोत्सवाची आणि एकांकिकांची चित्रीकरणं, घरचे फोटो, मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासूनचे व्हिडिओ, सगळं त्याच्या २ टेराबाइटच्या डिस्कवर. यंदाचा कार्यक्रम त्यावर चढवताना काम मध्येच थांबलं आणि पडद्यावर ओळ आली : जागा शिल्लक नाही. 'डीएफ' ही आज्ञा देऊन पाहिलं, तर वापर १०० टक्के.

विंडोजवर नवी डिस्क लावली की सी आणि डीच्या शेजारी ई येऊन बसतो. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे लिनक्समध्ये आणि मॅकवरही, अशी अक्षरं नसतात. सगळ्या फायलींचं झाड एकच. नवी डिस्क म्हणजे त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर केलेलं कलम. याला माउंट करणं म्हणतात. डेनिस रिची आणि केन टॉम्प्सन यांनी युनिक्सवर १९७४ साली जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात बेल लॅब्जमधल्या त्यांच्या यंत्राची मांडणी दिली आहे. मूळ फोल्डर एका डिस्कवर, वापरणाऱ्यांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर, आणि ही दुसरी डिस्क यंत्र सुरू होताना माउंट व्हायची. म्हणजे माझ्या बेसमेंटमधली अडचण पन्नास वर्षांची जुनी आहे.

जागा वाढवायचे मार्ग दोन. पहिला हाच, कलमाचा. नवी डिस्क लावा, तिच्यावर फाइल सिस्टिम तयार करा आणि 'चित्रीकरण २०२५' अशा एखाद्या नव्या, रिकाम्या फोल्डरवर माउंट करा. 'रिकाम्या' हा शब्द महत्त्वाचा. भरलेल्या फोल्डरवर डिस्क माउंट केली, तर आतल्या फायली पुसल्या जात नाहीत, पण दिसेनाशा होतात. भरल्या ताटावर दुसरं ताट पालथं घातल्यासारखं. घाबरायचं नाही, डिस्क अनमाउंट केली की खालचं सगळं जागच्या जागी असतं.

दुसरा मार्ग म्हणजे आहे तीच फाइल सिस्टिम मोठी करायची. फोल्डर तेच, फायली तिथेच, फक्त जागा वाढलेली. यासाठी लिनक्समध्ये एलव्हीएम नावाची व्यवस्था आहे. ती समजायला आपलं एकत्र कुटुंब आठवा. प्रत्येक डिस्क म्हणजे एकेक शेत. सगळी शेतं मिळून कुटुंबाची सामाईक जमीन. त्या जमिनीतून आपण हवा तेवढा तुकडा कसायला घ्यायचा आणि त्यावर फाइल सिस्टिमचं पीक काढायचं. पीक कुठल्या बांधाच्या अलीकडे आणि कुठल्या पलीकडे, हे वापरणाऱ्याला कळतही नाही. मात्र ही सोय मुळात एलव्हीएमवर उभारलेल्या फाइल सिस्टिमलाच मिळते. तुमची तशी नसेल, तर कलमाचाच मार्ग बरा.

माझी एलव्हीएमवर होती. ८ टेराबाइटची नवी डिस्क आणली आणि शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर बसलो. पहिली आज्ञा 'पीव्हीक्रिएट', म्हणजे नव्या शेताची नोंद. डिस्कचं नाव एसडीबी, हे मला पाठ होतं. आज्ञा दिली. संगणकाने विचारलं : या डिस्कवर आधीची एक्स्टफोर फाइल सिस्टिम दिसते, पुसू का?

बोट होकाराच्या कळीवर होतं. तेवढ्यात सुट्टीला घरी आलेली मुलगी जिन्यावरून म्हणाली, "बाबा, डिस्क नवी कोरी आहे ना? मग त्यावर आधीचं काही कसं असेल?"

मी हात मागे घेतला. 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन आकार पाहिले. एसडीबी ही नवी डिस्क नव्हतीच. ती शेजारी यूएसबीला लावलेली जुनी बाहेरची डिस्क होती. ही नावं कायमची नसतात. संगणक सुरू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतात, त्या क्रमाने ती मिळतात. काल जी एसडीबी, ती आज एसडीसी असू शकते.

आणि त्या बाहेरच्या डिस्कवर होतं काय? मागच्या वर्षी मोठ्या डिस्कवर थोडी जागा व्हावी म्हणून मी काही फायली तिकडे नेऊन ठेवल्या होत्या. त्यांत आईच्या कॅसेट होत्या. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. आम्ही परदेशी आलो तेव्हा फोन महाग होता, म्हणून ती कॅसेटवर बोलून पाठवायची. चिरोट्याला साटा कसा लावायचा, अनारशाचं पीठ किती दिवस ठेवायचं, शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, असं सगळं. त्या फायली मी हलवल्या होत्या, त्यांची प्रत केली नव्हती. मूळ कॅसेट तर बुरशी लागून केव्हाच गेल्या होत्या. जगात त्या आवाजाची एकच प्रत होती, आणि ती पुसण्याची परवानगी संगणक माझ्याकडे मागत होता.

त्या रात्री पुढे काहीच केलं नाही. फक्त आईचं फोल्डर तीन ठिकाणी उतरवलं. बायको खाली आली, म्हणाली, "अहो, बारा वाजले." मग तीही बसली आणि आम्ही चिरोट्यांची कॅसेट शेवटपर्यंत ऐकली.

सकाळी शांत डोक्याने विचार केला, तेव्हा दुसरी चूक लक्षात आली. ती बहुतेक लोक करतात. जुनी २ टेराबाइटची आणि नवी ८ टेराबाइटची अशा दोन डिस्क मिळून मी एकच फाइल सिस्टिम करणार होतो. जागा वाढली असती हे खरं. पण मग दोहोंपैकी कुठलीही एक बिघडली, तरी सगळीच फाइल सिस्टिम धोक्यात. जमीन पाचपट, पण एका शेतात पाणी शिरलं की सगळं पीक गेलं. शिवाय अशी जोडणी पुन्हा मोडायची, तर फाइल सिस्टिम आधी लहान करावी लागते. एक्स्टफोर चालू असताना मोठी होते, पण लहान करायची तर ती बंद ठेवावी लागते. एक्सएफएस तर वाढवायलाच केलेली, लहान करायची व्यवहारात सोय नाही. एकत्र कुटुंबासारखंच. जोडणं सोपं, वाटणी अवघड.

म्हणून बेत बदलला. एकाच आकाराची आणखी एक डिस्क आणली, ती फक्त प्रतीसाठी. आधी तिच्यावर सगळ्याची प्रत केली आणि चार-पाच फायली उघडून, वाजवून पाहिल्या. मगच पुढचं काम. ते असं :

एक. 'एलएसबीएलके'ने आकार, मॉडेल आणि अनुक्रमांक पाहून नवी डिस्क ओळखली. अनुक्रमांक डिस्कच्या पाठीवरच्या चिकटपट्टीशी ताडला. बाकीच्या यूएसबी डिस्क अनमाउंट करून काढून ठेवल्या.

दोन. 'पीव्हीक्रिएट'ने नोंद केली. या वेळी संगणकाने काहीही विचारलं नाही. कोऱ्या डिस्कची खूण हीच.

तीन. 'व्हीजीएक्स्टेंड'ने नवं शेत सामाईक जमिनीत घेतलं.

चार. 'पीव्हीमूव्ह'ने जुन्या डिस्कवरचा सगळा ऐवज नवीवर हलवला. हे काम संगणक वापरात असतानाही चालतं. मात्र रात्रभर लागली.

पाच. 'व्हीजीरिड्यूस'ने जुनी, रिकामी डिस्क जमिनीतून मोकळी केली. फाइल सिस्टिम अजून वाढवलेली नव्हती, म्हणूनच ही वाटणी बिनबोभाट झाली.

सहा. 'एलव्हीएक्स्टेंड'ने कसायचा तुकडा वाढवला आणि 'रिसाइझटूएफएस'ने एक्स्टफोरला ती जागा दाखवून दिली. एक्सएफएस असेल, तर तिची आज्ञा 'एक्सएफएस ग्रोएफएस'. ही शेवटची पायरी पुष्कळांची राहते. मग डिस्क जोडूनही 'डीएफ' जुनाच आकडा दाखवतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो.

शिव्या घालायचं आणखी एक कारण : ८ टेराबाइटच्या डिस्कवर संगणक ७.३ च दाखवतो. कोणी फसवलेलं नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, 'डीएफ' १०२४ च्या. त्यातून एक्स्टफोर नेहमीच्या मांडणीत पाच टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखून ठेवते, ती वेगळीच.

कलमाचा मार्ग घेणाऱ्यांसाठी एक सूचना. डिस्क आपोआप माउंट व्हावी म्हणून 'एफएसटॅब' फाइलमध्ये जी ओळ लिहितो, तीत एसडीबीसारखं नाव लिहू नका. प्रत्येक फाइल सिस्टिमला यूयूआयडी नावाची लांबलचक ओळख असते, ती लिहा. नाव बदलतं, ओळख बदलत नाही.

काही जण विचारतील, दोन डिस्कवर एकच मजकूर ठेवणारी रेड का नाही केली? जरूर करा. पण रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, माझ्या बोटापासून नाही. एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही तत्क्षणी पुसलं जातं. प्रत ती प्रतच, आणि ती वेगळी हवी, शक्यतो वेगळ्या घरात. आमची एक प्रत आता सांगलीला धाकट्या भावाकडे आहे. फोनवर तो म्हणाला, "दादा, मंडळाची नाटकं तुझ्याकडेच ठेव. मला आईचं तेवढं पाठव." पाठवलं.

महाप्रसादाच्या रांगेतल्या काकांना आता पूर्ण उत्तर देतो. काका, डिस्क जोडायला अर्धा तास लागतो. पण त्याआधी प्रत करा, ती उघडून बघा, आणि संगणक "पुसू का?" विचारेल तेव्हा जिन्यावरून कोणीतरी हाक मारेल याची वाट बघू नका. मंडळाच्या सभासदांपैकी कोणाकडे जुन्या उत्सवांच्या टेप असतील, तर जरूर कळवा. आता जागा आहे.

दिवाळीच्या सगळ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा! चिरोटे कॅसेटवरून शिकलो आहोत, खायला या.