दगडाखालची गोदावरी

दिवाळीच्या सुमारास नाशिककडचे ओढे पाहावेत. पावसाचा गढूळपणा खाली बसलेला असतो आणि धार अजून आटलेली नसते. अंकाची जुळवाजुळव चालू असताना एका सकाळी अंजनेरीच्या पायथ्याशी अशाच एका ओढ्यात उतरलो आणि तळहाताएवढा दगड उचलून उलटा केला. ओल्या पाठीवरून चपटे, करडे चार-पाच जीव खेकड्यासारखे आडवे पळाले. शेपटीला तीन बारीक तंतू, पोटाच्या दोन्ही कडांना सतत हलणारे पिसांसारखे कल्ले. शेजारी वाळूचे कण चिकटवून बांधलेली एक इवली नळी आणि तिच्यात डोके आत घेतलेली अळी. चतुर, टाचणी, निवळी ही नावे आपल्याकडे आहेत. या दोघांना मात्र मेफ्लाय आणि कॅडिसफ्लायच म्हणावे लागते, याचे मला वाईट वाटते.

कारण नदीची खरी खबर यांच्याकडे असते. मेफ्लायचे पिल्लू कित्येक आठवडे, कधी महिनेही पाण्यातच वाढते. एखाद्या रात्री गटाराचे किंवा कारखान्याचे पाणी सुटले आणि प्राणवायू घटला की ते मरते, नाहीतर वाहून जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी भरलेल्या बाटलीत त्या रात्रीचा मागमूसही नसू शकतो. दगडाखालची रिकामी जागा मात्र तशीच राहते. सांडपाण्याच्या गाळात टिकतात त्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून थोड्याशा प्राणवायूवर त्यांचे भागते.

ब्रिटनमध्ये 1976 साली नेमलेल्या कार्यगटाने अशा किड्यांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत बसवली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती इथल्या नद्यांसाठी बदलून घेतली आणि पाण्याचे स्वच्छ ते अतिप्रदूषित असे पाच वर्ग ठरवले. पद्धत आहे, तिची सवय नाही. आणि आपले ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात, म्हणून कार्तिकातले गुण कार्तिकातल्याच गुणांशी ताडून पाहायला हवेत.

रसायनांची तपासणी त्यामुळे फालतू ठरत नाही. पाणी बिघडले हे किडा सांगतो. कशाने, ते प्रयोगशाळाच सांगते. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, बीओडी, म्हणजे घाण कुजताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, 3 मिलिग्रॅमच्या आत हवा, आणि विष्ठेतले जिवाणू 100 मिलिलिटरमागे 2500 च्या वर जाता कामा नयेत. यातले जिवाणू कोणताच किडा मोजून देणार नाही.

2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर लाखो माणसे डोके बुडवतील. गोदेच्या प्रदूषणाची याचिका 2012 साली उच्च न्यायालयात गेली, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शिफारशी आल्या, सांडपाण्याची केंद्रे वाढली. तरी नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या शहराची घाण घेऊन गोदेला मिळतात, आणि पाणवेली खाली रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळालेल्या नांदूरमधमेश्वरपर्यंत पसरतात. रामकुंड परिसरात तर पात्राच्या तळावर काँक्रीट ओतले गेले. काँक्रीटला खालची बाजू नसते. तिथे मेफ्लायने राहावे कुठे? हा तळ मोकळा करणे मला नव्या घाटांपेक्षा निकडीचे वाटते.

म्हणून यंदाचा अंक आम्ही नाशिकच्या ओढ्यांना दिला आहे. मागणी एकच: गंगापूर धरणाच्या वर, आनंदवलीला, टाकळीला नासर्डीच्या संगमाखाली आणि नांदूरमधमेश्वरला, दर कार्तिकात आणि फाल्गुनात, किडे व पाणी दोन्ही तपासले जावे आणि आकडे लोकांसमोर यावेत. शहरात महाविद्यालये आहेत, मेरीसारखी अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. अडचण मनुष्यबळाची नाही.

वाचकहो, भाऊबीज झाली की मुलांना घेऊन आपल्या गावच्या ओढ्यावर जा. एक दगड उलटा करून पाहा. काय दिसले, कुठे आणि कोणत्या तारखेला, ते पोस्टकार्डावर लिहून आम्हाला कळवा. काहीच दिसले नाही, तर तेही कळवा. आणि दगड होता तसा परत ठेवा.



– संपादक