वाऱ्याचा डगला

जपानमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्याचे वा इमारतीचे काम करणाऱ्या मजुरांच्या अंगावर, पाठीमागे कमरेजवळ दोन लहान पंखे बसविलेला आणि वाऱ्याने फुगलेला जो डगला आताशा सर्रास दृष्टीस पडतो, त्याची कल्पना इचिगाया हिरोशी या गृहस्थांची. सोनी कंपनीत अभियंता म्हणून नोकरी केल्यानंतर त्यांनी या उद्योगास हात घातला आणि २००४ साली ‘कूचोफुकु’ नावाची कंपनी स्थापन केली.

हवा गार करणारे यंत्र या डगल्यात नाही. बॅटरीवर चालणारे पंखे बाहेरची हवा आत ओढतात, ती अंगालगत वाहत मानेवाटे व बाह्यांवाटे निघून जाते आणि जाताना घाम वाळवून नेते. एक लिटर घाम त्वचेवर पुरता वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. एक किलो बर्फ वितळताना अवघी ८० किलोकॅलरी शोषितो. जाड कपड्याखाली निथळून जाणारा घाम मात्र व्यर्थ जातो. अंग गार राखण्यासाठी अपोलोच्या चांद्रवीरांना पाण्याच्या बारीक नळ्यांनी विणलेला अंतर्वेश ल्यावा लागला. येथे तितका सरंजाम न मांडता देहाच्या अंगभूत सामर्थ्यालाच वाट करून दिली आहे, आणि या शोधाविषयी मला जो आदर वाटतो तो यासाठीच.

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दुपार काढणाऱ्या वैदर्भीयाला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. परंतु ताटी सुकली की तीतून येणारा वारा भाजतो, हेही तो जाणतो. चंद्रपुरास वैशाखात ४५ अंशांवर गेलेली हवा त्वचेहून कितीतरी तप्त असते; पंखा ती उष्णताच आत आणतो, आणि तिच्यावर मात करण्यास भरपूर घाम, म्हणजेच पोटात भरपूर पाणी हवे. तहानलेल्या मजुराला हा डगला तारणार नाही. मुंबईच्या दमट हवेत तर घाम सहजी वाळतच नाही. तेथे या डगल्याचा गुण उणाच ठरेल.

म्हणून, डगला मिळाला, आता दुपारची विश्रांती कशाला, असे एखादा मुकादम म्हणेल, याची मला खरी धास्ती वाटते. जपान सरकारने १ जून २०२५ पासून ३१ अंश वा अधिक तापमानात सलग तासभर वा अधिक किंवा दिवसाकाठी चार तासांहून अधिक काम घेणाऱ्या मालकांवर उष्माघाताविरुद्ध बंदोबस्त ठेवण्याची सक्ती केली, ती डगले सर्रास झाल्यानंतर. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करण्याची तजवीज बंधनकारक केली होती. भर उन्हात रस्त्यावर डांबर पसरणारा मजूर त्या कलमाच्या कक्षेत आला नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने यापुढे रस्त्याच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात पाणी, सावली, दुपारची सुटी आणि असा डगला यांचा खर्च निराळा दाखवावा, आणि त्यातील एक पैही मजुराच्या रोजातून कापली जाणार नाही, अशी अट कंत्राटदाराकडून लिहून घ्यावी.